परका पितर

अमळनेर
१४ जानेवारी १९६९

ति. इंदिराअक्कांना माथियासचा अमळनेरहून नमस्कार.

आज खानावळीत तिळगूळ वाटला. जे गृहस्थ रोज माझ्या ताटाकडे टक लावून बघतात आणि एक शब्द बोलत नाहीत, त्यांनीच माझ्या तळहातावर लाडू ठेवला आणि ‘गोड बोला’ म्हणाले. तेव्हा मनात आलं, ज्या बाईनं मला मराठी बोलायला शिकवलं ती माझ्याशी बोलत नाही, तर आपणच आधी गोड बोलावं.

तुम्ही धुळ्याचं बिऱ्हाड आवरून मुलाकडे गेलात, हे मला तुमच्या दूधवाल्याकडून कळलं. ‘अक्का इंदूरले गई, बठ्ठा सामान लई गई,’ असं तो म्हणाला. पत्ताही त्यानंच मिळवून दिला. तुमच्या दाराला कुलूप बघून मी ओट्यावर थोडा वेळ बसलो. वर्षभर याच ओट्यावर बसून मी ‘ळ’ म्हणायला शिकलो होतो.

तुमचे शेवटचे शब्द मला पाठ आहेत. ‘देव शोधायला सात समुद्र ओलांडून आलास, आणि जिनं जन्म दिला तिच्या पत्राला दोन ओळींचं उत्तर द्यायला तुला वेळ नाही. तिला लिहिल्याशिवाय माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस.’ मी अजून आईला लिहिलेलं नाही. का, ते विचारू नका. तुम्ही विचारलं नाहीत तर मला खोटं बोलावं लागणार नाही.

इथलं सांगतो. तत्त्वज्ञानाच्या केंद्रात मला एक खोली दिली आहे. खिडकीतून सरकीच्या तेलाचा वास येतो, तो आता माझ्या कपड्यांनाही येतो. गुरुजी फार मोठे आहेत. ते शंकराचार्यांचं भाष्य उलगडतात तेव्हा एखाद्या निष्णात माणसानं गाठ सोडवावी तशी वाक्यं सुटत जातात. मी देह नाही, मी मन नाही, मी कर्ता नाही, भोक्ता नाही. मला सगळं समजतं. परीक्षा घेतली तर मी पहिला येईन. पण अक्का, आत काही हलत नाही. तहान लागलेल्या माणसाला पाण्याविषयी उत्तम व्याख्यान मिळावं, तसं झालं आहे माझं.

तुम्ही एकदा विचारलं होतं, नेमकं काय शोधतोस. मी तेव्हा ‘सत्य’ म्हणालो आणि तुम्ही हसलात. खरं सांगायचं तर मला अशी एक जागा हवी आहे, जिथं माणसाच्या नावावर काही लिहिलेलं नसतं. वेदान्तात ती जागा आहे म्हणतात. मी दारात उभा आहे, आणि आत जाता येत नाही.

माझे वडील मी लहान असताना गेले, हे तुम्हाला माहीत आहे. ते शाळामास्तर होते. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

तुमचा विद्यार्थी,
माथियास

असोदा, जळगावजवळ
९ मार्च १९६९

ति. अक्का,

तुमचं उत्तर आलं नाही. माझंच पत्र परत आलं, लाल शाईनं तपासून. ऱ्हस्वदीर्घ सुधारलेत, एक क्रियापद बदललंत, आणि ‘मला खोटं बोलावं लागणार नाही’ या वाक्याखाली ठसठशीत रेघ मारलीत. बाकी एक अक्षर नाही. तरी मला फार आनंद झाला. म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत.

मी अमळनेर सोडून महिनाभर इथं आलो आहे. माझ्याबरोबर केंद्रात येणारे लीलाधर चौधरी कॉलेजात शिकवतात, त्यांचं हे गाव. माझा चेहरा बघून ते म्हणाले, ‘पुस्तकं मिटा थोडे दिवस. आमच्या आबांकडे राहा, केळी खा, झोपा.’ लीलाधर मला सोडून परत गेले आणि मी त्यांच्या चुलत्याच्या घरी राहिलो. चुलते म्हणजे पुनाआबा. त्यांची बायको भिकुबाई, तिला सगळे मोठीमाय म्हणतात. आणि सून ताईबाई. घरात एवढीच माणसं. मला इथं ‘माथियास’ म्हणणं कुणालाच जमत नाही. पहिल्या दिवशी मी मथाभाऊ होतो, दुसऱ्या दिवसापासून मथू.

केळीच्या बागेबद्दल तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. बाहेर उन्हानं डोळे दिपतात, आणि आत एक पाऊल टाकलं की हिरवा अंधार, गारवा, पाटाच्या पाण्याचा आवाज. आबा म्हणाले, ‘केय एकदाच वेते. घड दिला का मरते. पन मरायच्या आंधी पायापाशी पिल्लू उभं करते.’ त्यांनी हे अगदी सहज सांगितलं आणि कुदळ उचलून पुढे गेले. मी तिथंच उभा राहिलो. आमच्याकडच्या मोठ्या चर्चमध्ये लहानपणी मला असं वाटायचं, की टोपी काढावी आणि हळू बोलावं. तसं मला किती वर्षांनी वाटलं.

आता या घरातली गोष्ट सांगतो. आबांचा एकुलता मुलगा मोतीलाल फौजेत होता. बासष्टच्या लढाईत, हिमालयात, त्याची तुकडी बर्फात कुठं तरी नाहीशी झाली. बेपत्ता, एवढंच सरकारनं कळवलं. तेव्हा ताईबाईच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अजून ती कुंकू लावते, बांगड्या भरते. आणि मोठीमाय रोज दुपारी जळगावची एस.टी. यायच्या वेळी वडाखाली जाऊन उभी राहते.

मी पहिल्यांदा तिला तिथं बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणी पाहुणा येणार असेल. गाडी थांबली. माणसं उतरली, टोपल्या उतरल्या, एक बकरी उतरली. ती प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत होती. घाई नाही, हावरेपणा नाही. गाडी धुरळा उडवत गेली तशी ती पदर सावरून वळली आणि घरी येऊन ज्वारी पाखडायला बसली.

मी तेव्हापासून रोज तिच्याबरोबर जातो. मला जावंसं वाटतं. तुम्ही लाल शाईनं ‘का?’ असं विचाराल. ते पुढे कधी तरी.

माथियास

असोदा
११ एप्रिल १९६९

ति. अक्का,

इथं आखाजी जवळ आली आहे. धुळ्यात तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणायचात, इथं आखाजी. माहेरवाशिणी येऊ लागल्या आहेत, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले आहेत आणि पोरी गौराईची गाणी म्हणतात. पण ज्या घरातलं कुणी गेलं आहे, त्या घरी या सणाला वेगळा अर्थ असतो. गेलेल्याच्या नावानं पाण्याची घागर भरतात, आणि एखाद्याला बोलावून, तोच आला आहे असं समजून जेवू घालतात. त्या जेवणाऱ्याला पितर म्हणतात. तुम्हाला हे ठाऊक असणार. मला पहिल्यांदाच कळलं.

गेल्या आठवड्यात ताईबाईचे वडील आले. जीवराम पाटील त्यांचं नाव, शांत गृहस्थ. चहा झाल्यावर म्हणाले, ‘आबा, पोरगी तिशीकडे चालली. यावलकडचं एक स्थळ आहे, बायको वारलेला माणूस आहे. पाट लावून द्यावा म्हनतो. पन मोतीलालची घागर भरल्याबिगर कसं व्हईल?’

आबा खाली बघत राहिले. आतून मोठीमाय म्हणाली, ‘जित्या मानसाची घागर भरत नाही.’ आवाज चढवला नाही.

मग ताईबाई बाहेर आली. मी या घरात तिला वडीलधाऱ्यांसमोर कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ती दाराला धरून म्हणाली, ‘मोठीमाय, मी तुमच्यावर रागावली नाही. मले नवरा पायजे म्हनूनबी म्हनत नाही. पन मी सवाशीन का इधवा, हे मले तरी सांगा. हळदीकुंकवाले मले कोनी बोलावत नाही आन् रडायलेबी कोनी बोलावत नाही. सात वर्सं झाले, मी रडली नाही.’

जीवराम पाटील निघून गेले. त्या दुपारीही मोठीमाय वडाखाली गेली, आणि मी तिच्यामागे.

गाडी आली, गेली. ती परत फिरली नाही. वडाच्या पारावर बसली आणि मला म्हणाली, ‘तू काहाले येतो रे रोज?’

मी तिला सांगितलं, अक्का. तुम्हाला जे सांगितलं नाही ते तिला सांगितलं. जर्मनीत आमच्या गावाजवळ सरहद्दीवर एक छावणी होती. महायुद्ध संपल्यावर रशियातून सुटलेले जर्मन कैदी तिथं यायचे. गाड्या आल्या की बायका वडिलांचे, नवऱ्यांचे, मुलांचे फोटो पुठ्ठ्याला लावून रांगेनं उभ्या राहायच्या: ‘याला कुणी पाहिलं आहे का?’ माझी आई त्या रांगेत असायची. पुठ्ठा मी धरायचो, कारण तिचे हात थंडीनं आखडायचे. मी शाळकरी होतो तेव्हापासून मिसरूड फुटेपर्यंत आम्ही तिथं उभे राहिलो.

‘आला का तुहा बाप?’ मोठीमायनं विचारलं.

‘नाही.’

‘माय आता काय करते?’

‘आता गाड्या येत नाहीत. ती खिडकीत बसते.’

‘तिच्याजोळ कोन आहे?’

मी म्हणालो, ‘कोणी नाही.’

तिनं मला बोल लावला नाही. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, ‘मंग असंच व्हतं. खिडकी.’ आणि थोड्या वेळानं, ‘मथू, तू बसशीन का पितर?’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, ‘मी परका आहे. तुमच्या धर्माचा नाही. गावात भाऊबंद आहेत.’

‘भाऊबंदातला बसला तं मी त्याचं तोंड मरेपर्यंत रोज पाहीन, आन् रोज म्हनीन, ह्याच्यात माहा मोत्या मेला. तू तं जाशीन.’ ती थांबली. ‘आन् तोबी परक्या मुलखात पडला. तठी त्याच्या तोंडात पानी कोनी परक्यानंच घातलं आसंन. घातलं आसंन तं.’

मी म्हणालो, ‘मोठीमाय, माझा यावर विश्वास नाही.’

ती म्हणाली, ‘इस्वास कोन मांगतं? जेवाचं आहे.’

अक्का, दीड वर्ष मी या देशात मोठमोठ्या विद्वानांपुढे बसलो. असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी ‘बसतो’ म्हणालो, आणि तेव्हापासून मला भीती वाटते आहे. कशाची, ते सांगता येत नाही. एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात, जिथं जायची परवानगी नाही, तिथं कुणी हाताला धरून नेत असावं, तसं वाटतं.

माथियास

असोदा
२० एप्रिल १९६९

ति. अक्का,

काल आखाजी झाली. जे झालं ते झालं तसं लिहितो. यातलं व्याकरण तपासू नका.

आधी आबांनी तापीकाठी जाऊन भटजींनी सांगितल्याप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून मोतीलालचं दहन केलं होतं. मोठीमाय गेली नव्हती. पण काल पहाटे तिनंच आतली खोली सारवली. ताईबाईनं कुंभाराकडून लाल घागर आणली. विहिरीचं पाणी भरलं. घागरीच्या तोंडावर मातीची लोटी, लोटीवर डांगर, म्हणजे खरबूज, भोवती आंबे आणि सांजोऱ्या. मला वाटत होतं काही तरी भयंकर गंभीर असेल. पण ती घागर एखाद्या गुटगुटीत बाळासारखी दिसत होती.

मी अंघोळ केली. आबांनी मला नवी टोपी आणि उपरणं दिलं, गावातल्या दलिचंदशेठच्या दुकानातून आणलेलं. मला पाटावर बसवलं. मोठीमायनं माझ्या पायांवर पाणी घातलं आणि पदरानं पाय पुसले. माझी आई सोडून माझ्या पायांना कुणी हात लावलेला मला आठवत नाही. मी पाय मागे घ्यायला लागलो तर आबा हळूच म्हणाले, ‘राहू दे. ते पाय तुहे नाहीत.’

पान वाढलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी, सार. समोर निखारे ठेवले होते. त्यावर तिनं तूप सोडलं आणि घास ठेवला. धूर वर चढला तसं तिनं नाव घेतलं.

‘मोत्या.’

एवढंच म्हणून ती थांबली. ताईबाई दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. मग मोठीमाय माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, ‘पानी पे, बाबू.’ मी प्यायलो. ‘तठी लई थंडी व्हती म्हने. ऊन ऊन खाय.’

मी जेवू लागलो. पितरानं बोलायचं नसतं. ती बोलत होती. कोणतं शेत कुणाला खंडानं दिलं, कोणती गाय विकली, कोण वारलं, सगळं. सात वर्षांचं बोलणं तिनं साठवून ठेवलं होतं. शेवटी म्हणाली, ‘तुह्या बायकोले मी तिच्या मायबापाच्या हवाली करते. तू रागावू नको. ती लई चांगली राह्यली. आता तिले जाऊ दे. तूबी जाय.’

दाराआड ताईबाई रडू लागली. मोठ्यानं, गळा मोकळा करून.

अक्का, मी तेव्हा मोठीमायच्या तोंडाकडे बघत होतो. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिथं मी नव्हतो. मी जर्मन नव्हतो, तीस वर्षांचा नव्हतो, कुणाचा मुलगा नव्हतो. माझ्या बोटांवर आमरस होता आणि तो कुणी तरी चाटत होतं. गुरुजी सांगतात ती गोष्ट हीच की दुसरी, मला माहीत नाही. मी ती शोधत होतो तेव्हा वाटायचं, ती फार रिकामी जागा असेल. ती रिकामी नव्हती. ती माणसांनी भरलेली होती.

जेवण झालं. मी हात धुतले, टोपी काढली, परत माथियास झालो. मोठीमायनं डोळे पुसले आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, ‘आता तुह्या बापाचं नाव सांग.’

तेव्हा मला दिसलं की कोपऱ्यात आणखी एक घागर भरून ठेवली आहे.

मी म्हणालो, ‘नको.’

‘काहाले?’

मी सांगितलं. आता तुम्हालाही सांगतो. माझे वडील शाळामास्तर होते हे खरं. मग ते सैनिक झाले आणि पूर्वेला गेले. मोतीलाल आपल्या देशाची सीमा राखायला गेला होता. माझे वडील दुसऱ्यांच्या गावांत शिरले होते. त्यांच्या पलटणीनं तिथली गावं जाळली, माणसं आत असताना, लेकरांसकट. हे मला विद्यापीठात असताना कळलं. वडिलांनी स्वतः काय केलं, मला माहीत नाही. ते बाजूला उभे होते का, त्यांच्या हातात काडी होती का, हे विचारायला ते परत आलेच नाहीत. मी आईला विचारलं. ती म्हणाली, ‘तो घरी आला की त्यालाच विचार.’ त्यानंतर मी तिच्याशी नीट बोललो नाही. मी हिंदुस्थानात आलो.

मोडक्यातोडक्या शब्दांत मी हे सांगितलं. बाहेर झोक्यावरच्या पोरी गात होत्या. मला वाटलं, आता ही माणसं मला उठून जायला सांगतील, आणि तसंच व्हायला हवं.

आबांनी विचारलं, ‘ज्याहीची गावं जाळली, त्याहीच्या नावानं कोनी पानी देल्लं का?’

मी म्हणालो, ‘माहीत नाही. कदाचित द्यायला कुणी उरलंच नसेल.’

आबा म्हणाले, ‘मंग पह्यले त्याहीले. मंग तुह्या बापाले.’

ताईबाई रडून सुजलेल्या डोळ्यांनी उठली. घरात तिसरी घागर नव्हती. तिनं पाणी भरायचा तांब्याचा मोठा हंडा घासला, विहिरीवर गेली आणि काठोकाठ भरून आणला. मी म्हणालो, ‘मला त्यांची नावं माहीत नाहीत.’ मोठीमाय म्हणाली, ‘तुले नाही माहीत. त्याहीले तं माहीत आहेत.’ तिनं हंड्याला हळदकुंकू लावलं आणि माझा हात धरून पाण्यावर ठेवला. आम्ही सगळे त्या हंड्यासमोर वाकलो. मला एकही प्रार्थना आठवली नाही. पाणी फार गार होतं.

मग वडिलांची घागर. ‘नाव सांग.’

‘कार्ल.’

‘कारलं?’ मोठीमाय म्हणाली. ताईबाईला त्या रडण्यातही हसू आलं, आणि मलाही.

‘पण पितर कोण बसणार?’ मी विचारलं.

आबा आधीच उठून पाय धूत होते. म्हणाले, ‘तुह्या बापाच्या वयाचा अठी मीच आहो.’

अक्का, मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. टाचांना चिखल भरलेल्या भेगा, नखं काळी पडलेली. ज्या माणसाचा मुलगा परक्या सैन्यापुढे नाहीसा झाला, तो माणूस एका परक्या सैनिकाच्या नावानं पाटावर बसला होता. मी वाढलं. निखाऱ्यावर घास टाकला आणि मोठ्यानं नाव घेतलं. वडिलांना मी नावानं कधीच हाक मारली नव्हती. मला खूप विचारायचं होतं. पण समोर पान होतं, वाफ येत होती, आणि मोठीमायनं जे म्हटलं तेच माझ्या तोंडून माझ्या भाषेत निघालं. तिथं फार थंडी होती. गरम आहे तोवर खा.

आबा खाली मान घालून जेवत होते. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. वाटीतला आमरस संपला तेव्हा त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, ‘अजून वाढ.’

पितर बोलत नाही म्हणतात. मी मोठीमायकडे बघितलं. तीही चकित झाली होती. तिनं डोळ्यांनी खूण केली, वाढ. मी वाटी भरली. त्यांनी ती संपवली, आणि परत पुढे केली.

मी क्षमा केली नाही, अक्का. तसं कुणी समजू नये. ते माझ्या हातात नाही, तो हंडा ज्यांचा होता त्यांच्या हातात आहे. पण वडिलांना भूक लागली होती, आणि मी वाढलं.

संध्याकाळी मी आईला पत्र लिहिलं.

माथियास

उत्तर जर्मनी
२४ नोव्हेंबर १९६९

ति. अक्का,

आईच्या पत्राला मी उत्तर दिलं, आणि उत्तराच्या पाठोपाठ स्वतःच आलो. पावसाळ्यात बोटीनं निघालो. तुमच्या इंदूरच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा हक्क आता मला आहे, पण पाय इथं आहेत.

आखाजीचं पत्र तुम्ही परत पाठवलं नाहीत. त्याऐवजी स्वतःचं जे पत्र पाठवलंत ते मी जपून ठेवलं आहे. त्याविषयी लिहीत नाही, तुम्हाला संकोच वाटेल.

लीलाधरांचं पत्र आलं. ताईबाईचा पाट जूनमध्ये लागला. माणूस भला आहे, त्याची लहान मुलगी हिला लगेच बिलगली. मोठीमाय स्वतः तिला घालवायला यावलपर्यंत गेली, आणि तिथं दोन दिवस राहून घर कसं आहे ते बघून आली.

मी इथल्या शाळेत शिकवतो. सुटीच्या दिवशी ग्रंथालयात बसून त्या गावांची नावं शोधतो. काही मिळाली आहेत. म्हणायला कठीण आहेत, पण मी ‘ळ’ शिकलेला माणूस आहे. तुम्ही विचाराल, देव मिळाला का. मला त्याचं उत्तर देता येत नाही. चर्चमध्ये जातो कधी कधी, मागच्या बाकावर बसतो. आता टोपी काढायला जड जात नाही.

काल आमच्याकडे गेलेल्यांचा रविवार होता. या दिवशी लोक कबरींवर दिवे लावतात. आई आजवर कधी गेली नव्हती. तिच्याकडे कबर नाही, आणि ती वडिलांबद्दल नेहमी वर्तमानकाळात बोलते. ‘त्याला लोकर टोचते.’ ‘त्याला माझ्या हातचं सूप लागतं.’ पंचवीस वर्षं आमच्या घरात वडिलांना भूतकाळ नव्हता.

काल संध्याकाळी मी तिला असोद्याची सगळी गोष्ट सांगितली. हंडाही सांगितला, कुणासाठी भरला तेही. ते ऐकताना तिनं डोळे मिटून घेतले, पण मला थांबवलं नाही. मग घागर, पाट, आबांचे पाय. बाहेर अंधार झाला होता. आम्ही दिवा लावला नव्हता.

मग तिनं विचारलं, ‘पोटभर जेवला का?’

मी म्हणालो, ‘हो. आंब्याचा रस तीनदा घेतला.’

आईनं खिडकीचा पडदा ओढला आणि माझ्याकडे वळली. म्हणाली, ‘त्याला गोड फार आवडायचं.’

माथियास